पितळी वाटी आणि आडातलं कासव

मित्रांनो, मी एक जुनं कासव आहे. आडात वाकून पाहिलंत तर मी तुम्हाला दगडच वाटेन. वाटू द्या. पण एकदा हा आड मुरूम टाकून बुजवायचं ठरलं होतं, माझ्यासकट. त्याच्या दोनच दिवस आधी एका शाळेची चाळीस पोरं इथं सहलीला आली. ती आली नसती तर ही गोष्ट आज मातीखाली असती.

मी मूळचा मांजरा नदीचा. लातूरच्या वेशीबाहेर, औशाच्या रस्त्याला धोंडप्पांचं शेत होतं. त्यांच्या नव्या आडाला पाणी लागलं तेव्हा ते नदीवर आले आणि मला घागरीत घालून घेऊन गेले. नव्या आडात कासव सोडायची आमच्याकडची रीतच आहे. कासव किडे खातं, घाण खातं, पाणी निवळ ठेवतं. धोंडप्पांनी माझ्या कवचाच्या कडेला बारीक भोक पाडून तांब्याची कडी अडकवली आणि मला पाण्यात सोडताना म्हणाले, "जा बाबा. झरा सांभाळ."

त्यांना दोन लेकी. थोरली जगदेवी, धाकटी गुरम्मा. गुरम्मा काठावर पोट टेकून वाकायची आणि भाकरीचा तुकडा टाकायची. "खा की रं! अक्का, बघ गं, कसं लाजतंय, नव्या नवरीवानी." वर वाटोळं आभाळ आणि त्यात लोंबणाऱ्या तिच्या दोन वेण्या. माझं जग तेवढंच होतं आणि ते मला पुरत होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाणी एकेक हात उतरत गेलं. घागर बुडेना, मग तांब्याही बुडेना. शेवटी तळाला माझ्या अंगापुरतं डबकं उरलं आणि कपारीतून थेंब थेंब येणारा झरा. मायबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तेव्हा घरोघरी करत तेच या घरीही झालं. सगळ्यांत हलकं लेकरू दोराला बांधून आडात सोडायचं आणि त्याने वाटीवाटीने घागर भरायची. गुरम्मा आठ वर्षांची होती. सगळ्यांत हलकी तीच.

सकाळी आधी कंदील खाली सोडत. तो जळत राहिला तर हवा चांगली, मग गुरम्मा. आणि एक नेम फार कडक होता. वर दोर धरणाऱ्याने थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची, खालच्याने ओ द्यायची. ओ आली नाही की विचार करत बसायचं नाही, ओढायचं.

"गुरे, हायस का?"

"हाय, अक्का, हाय!"

तोंड सुकलं की गुरम्मा पितळी वाटी दगडावर तीनदा वाजवायची. "आता वाटीच बोलंल, अक्का. माझी जीभ टाळ्याला चिकटलीया." आणि वाटी भरता भरता मला एकट्याला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणायची,

वाटी वाटी पाणी, भरू दे गं घागर,
दोर धरून उभी, अक्का माझी वर.
कासवाच्या पाठी, ठेविते मी हात,
झऱ्या बापा सोड, थेंब ओंजळीत.

एका दुपारी रस्त्यावरून आरडाओरडा ऐकू आला. दुष्काळात सरकार गूळ घातलेलं भाजलेलं पीठ, सुकडी, वाटायचं. जगदेवी वरून ओरडली, "गुरे, सुकडीची गाडी आली गं! तुझा बी वाटा आणते. दोर खांबाला बांधलाय. आलेच!"

"गुळाचा खडा मोठा बघून घे!"

"हाव!"

सकाळी कंदील चांगला जळला होता. पण दुपारच्या उन्हात वारा पडला, आणि आडाच्या तळाशी हवा जड होत गेली. गुरम्माने चार वाट्या भरल्या. पाचवी अर्ध्यात राहिली. "जरा बसते रं," ती मला म्हणाली आणि भिंतीला टेकली. वाटी हातातून निसटली.

वरून हाक आली नाही. मी तिच्या पायावर चढलो, नखांनी ओरबाडलं. तिची बोटं माझ्या कवचावरून एकदा फिरली, मग थांबली. मला आवाज नाही, मित्रांनो. देवाने इतक्या वर्षांचं आयुष्य दिलं, पण एक हाक मारण्याइतका गळा दिला नाही.

मग वर धावती पावलं वाजली.

"गुरे, हायस का? ... गुरे, थट्टा करू नको हां. गुरे!"

दोर ताणला गेला. जगदेवीच्या ओच्यातली सुकडी सांडून माझ्या पाठीवर, पाण्यावर पडली. मी ती खाल्ली नाही. वर नेलेली गुरम्मा पुन्हा काठावरून वाकली नाही.

पुढे पाऊस झाला, आड भरला, वाटी पाण्याखाली गेली. पण इथलं पाणी कुणी शेंदेना. धोंडप्पांनी शेत विकलं आणि ते उदगीरकडे निघून गेले. लोक म्हणू लागले, भर दुपारी हा आड ओ देतो. त्यांना मी खोटं म्हणणार नाही. कितीतरी दुपारी दगडांच्या सांध्यांतून 'हाय, अक्का, हाय' असं झिरपत आलेलं मी ऐकलंय. मान वर करायचो. वर नुसतं वाटोळं आभाळ.

दहा वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, प्लॉट पडले, शहर चालत चालत माझ्यापर्यंत आलं. भुताच्या भीतीने आडाभोवतीची दोन एकर जागा कुणी घेतली नाही, म्हणून तिथं वनखात्याने झाडं लावली. कडुनिंब, करंज, सीताफळ. तारेचं कुंपण आलं, 'निसर्गवन' असा पत्र्याचा फलक आला, आणि केरबा नावाचा राखणदार आला. पोरं घरटी बघायला, बांधावरच्या जुन्या बाभळीच्या ढोलीतला पिंगळा बघायला येऊ लागली. जाता जाता आडात खडे टाकत. एका खड्याने माझ्या कवचाचा टवका उडाला.

"अरे, खाली जीव हाय!" केरबा ओरडायचा.

"कुणाचा जीव, मामा? भुताचा?"

जिल्हा झाल्यावर चार वर्षांनी पुन्हा आभाळ रुसलं. पाणी उतरलं आणि चिखलातून वाटीचा काठ वर आला. एक दिवस केरबा काठावर बसून मला म्हणाला, "बाबा, परवा मुरमाचे ट्रॅक्टर येणार. साहेब म्हणलं, कोरडा आड राखायचा कायला, उगं पोरं पडतील. मी म्हणलं, कासव हाय. तर हसले. तू दिसत न्हाईस रं कुणाला."

त्याच दिवशी ती चाळीस पोरं आली. त्यांच्या बाई लांब कडुनिंबाखालीच उभ्या राहिल्या.

"बाई, या ना! इथं भूत हाय म्हणं!"

शिवकन्या नावाची एक चिमुरडी काठावर पोट टेकून वाकली. दोन वेण्या खाली लोंबल्या. "ए भुता, हायस का?"

पोरं खिदळली. माझ्या अंगावर मात्र ती सुकडी पुन्हा सांडल्यासारखं झालं. तेवढ्यात बाई धावत आल्या, शिवकन्येला दंडाला धरून मागे ओढलं. "मागं हो! मागं हो आधी!" मग त्यांनी स्वतः काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला. दोर धरावा तसा. त्या धरण्यावरून मी ओळखलं. जगदेवी होती ती.

"घाबरू नका बाई," केरबा म्हणाला. "परवा बुजवायलेत ह्याला."

"बुजवायलेत?"

ती वाकली. पोरांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "गुरे... हायस का?"

चौदा वर्षांनी हाक आली होती आणि मी पुन्हा मुकाच. वाटी हातभर दूर होती. डोक्याने ढकलली, चिखलात रुतलेली. पुन्हा ढकलली. वरच्या आभाळातून जगदेवीचं तोंड मागे सरलं. ती चालली होती. मग मी सगळं अंग लावलं, आणि वाटी उलटून दगडावर आपटली.

टण्.

मी ती आणखी रेटली. टण्. टण्.

जगदेवीचं तोंड पुन्हा काठावर आलं.

"मामा, दोर आणा," जगदेवी म्हणाली.

"बाई, संगं लेकरं हायत—"

"आणा म्हणते ना. मी धरते."

आधी कंदील सोडला. तो जळत राहिला. मग केरबा कमरेला दोर बांधून खोबणींत पाय देत उतरला. जगदेवीने दोर कमरेभोवती घेतला होता, आणि तिने शिकवल्याप्रमाणे चाळीस पोरं एका सुरात ओरडत होती, "मामा, हायसा का?"

"हाय रं हाय! दम तरी घेऊ द्या!"

केरबाने मला उचललं. माझ्यामागची कपार ओली होती. त्याने बोट लावलं, जिभेला लावलं. "बाई! झरा हाय! बारीक हाय, पण जित्ता हाय! कासव बी हाय, कडीवालं! आन एक वाटी हाय."

जगदेवीने वाटी पदराने पुसली. पुसतच राहिली. "माझ्या बहिणीची आहे," ती पोरांना म्हणाली.

"मग तिनंच वाजवली का, बाई?" शिवकन्येने विचारलं.

जगदेवी माझ्याकडे बघत होती. "मला नाही माहीत, बाळा. पण या खेपेला मी इथं होते."

दुसऱ्या दिवशी ती मला टोपलीत घालून साहेबांच्या टेबलावर घेऊन गेली. मुरमाचे ट्रॅक्टर आले नाहीत. आडातला गाळ निघाला, वर लोखंडी जाळी बसली, आणि तांब्याच्या कडीसकट मी माझ्या जागी परत आलो. वाटी आता वर खांबाला साखळीने बांधलेली असते. दरवर्षी नवी पोरं घेऊन जगदेवी येते.

तरी एखाद्या दुपारी, वारा पडला की, तळातून 'टण्' असं वाजतं. वाटी वर आहे. मी तर निपचित पडलेला असतो.

मित्रांनो, आडात खडे टाकू नका. हाक मारा. आणि हाक मारून पळून जाऊ नका, थोडं थांबा. खालच्याला ओ द्यायला वेळ लागतो.