बंदुकीतून आरपार जाणारी दोरी

या मित्रांनो, असे जवळ सरका. टाळ खाली ठेवा आणि ऐका. गोष्ट माझीच आहे, आणि सांगताना माझा राग लपणार नाही.

मी एक जुनी नारंगी दोरी आहे. नेमबाजीच्या स्पर्धेत छऱ्याच्या बंदुकीच्या नळीतून मला आरपार ओवतात. दोन्हीकडे माझी टोकं दिसली, की बंदूक रिकामी. सप्ताहातला वीणेकरी दुसरा आल्याशिवाय वीणा सोडत नाही, तशी पंचांनी सांगितल्याशिवाय मी नळी सोडायची नसते.

बेलापूरच्या सुकन्याकडे मी चार वर्षं होते. ती मला रोज पुसून ठेवायची. परवा जिल्ह्याची निवड होती. तिचे नेम असे लागत होते, की राज्याच्या स्पर्धेला तिचं नाव जाणार हे सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. पंच लालमहंमदचाचा ओरडले, "थांबा! बंदुका रिकाम्या, दोऱ्या आत!" सुकन्याने छर्रा नुकताच भरला होता. अशा वेळी हात वर करून, बंदूक भरलेली आहे, असं पंचांना सांगायचं असतं. तिने घाईघाईने मला पुढूनच आत सारलं. मी आतल्या शिशाच्या छऱ्याला जाऊन अडले. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळले असते!

चाचा एकेक बंदूक तपासत येत होते. पण आयोजक बिभीषणरावांना धीर कुठला? त्यांनी सुकन्याचीच बंदूक उचलली. "ही दोरी काढा हो, फोटोत लोंबकळती दिसंल," म्हणत मला ओढून फेकलं आणि बंदूक पाहुण्यांच्या हाती दिली. पाहुण्यांनी हसत नळी वळवली, ती थेट पुढे बसलेल्या पोरांकडे!

चाचांनी धावत येऊन नळी निशाणांच्या भिंतीकडे ढकलली. तेवढ्यात पाहुण्यांचं बोट चापावर दाबलं गेलं. फट्! छर्रा भिंतीत गेला.

"चाचा, पाव्हण्यांचा हात धरता व्हय?" बिभीषणराव खेकसले. "छऱ्याची तर हाय, वाघ मारायचाय का?"

"डोळा फोडायला छर्रा लई झाला, रावसाहेब!"

"बरं, बरं. बंदुकीतच बिघाड आसंल. मिटवा."

सगळे होकाराची मान हलवू लागले. तेव्हा सुकन्या पुढे आली. "बिघाड न्हाई, चाचा. छर्रा मीच भरला हुता. दोरी पार गेली न्हाई, हे मला कळलं हुतं. माझ्यामुळं खोळंबा नको, म्हनून गप बसले."

चाचांनीच तिला बंदूक धरायला शिकवलं होतं. तरी नियम मोडला म्हणून त्यांनीच निवडीच्या यादीतून तिचं नाव खोडलं. ती रडली, भांडली नाही. आणि बिभीषणराव? त्यांनी तिथल्याच मंचावर शाल पांघरून शिस्तीवर भाषण ठोकलं! मी फरशीवर पडून ऐकत होते. पांडुरंगा, ही कसली रे सभा, जिथे खरं बोलणारी बाहेर आणि दोरी फेकणारा खुर्चीवर!

मित्रांनो, बंदूक लहान असो की मोठी, ती भरलेलीच आहे असं समजा. नळी माणसाकडे वळवू नका. समोर पाहुणा असो, साहेब असो, "थांबा" म्हणायला लाजू नका.

आणि एवढं मागते. निवडीच्या यादीत सुकन्याचं नाव तुम्हाला सापडणार नाही. तुम्ही तरी ते विसरू नका.