नीशगुरूंचा कानमंत्र आणि संक्रांतीचं वाण

"या पृथ्वीतलावर जन्मलेल्या प्रत्येक जीवासाठी विश्वाने एक कोनाडा राखून ठेवला आहे! तो सापडला, की लक्ष्मी तुमचा पत्ता विचारत येते!"

नीशगुरू जयदीपजींनी हे सत्य उच्चारलं आणि आकुर्डीच्या मंगल कार्यालयात टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरायच्या आत त्याच माइकवरून दुसरं सत्य ऐकू आलं, "एमएच चौदा, पांढरी स्विफ्ट. ज्यांची असेल त्यांनी काढा, जेवणाचा टेम्पो अडकलाय." गुरुजी घाईघाईने खिशात किल्ली चाचपू लागले.

हा कोनाडा म्हणजे काय, ते आधी सांगतो. इंटरनेटवर दुसऱ्याचा माल आपल्या लिंकवरून खपवायचा आणि कमिशन घ्यायचं, याला अफिलिएट मार्केटिंग म्हणतात. धंदा खोटा नाही. आमच्या लहानपणी स्थळं जुळवणारे मध्यस्थ हेच करत, वर जेवूनही जात. फक्त कोणता माल, कोणत्या गिऱ्हाइकाला, हे नेमकं हेरावं लागतं. त्या नेमक्या जागेला म्हणायचं नीश, म्हणजे आपला कोनाडा. तो शोधायचा तर लोकांना काय नडतं, ते काय धुंडाळतात, आधीच कोण विकतंय, हे चिकाटीने बघत बसावं लागतं. जयदीपजींनी ही कटकटच मिटवली होती. ते डोळे मिटत, शिष्याच्या कपाळाला त्याचाच मोबाइल टेकवत आणि कानात कोनाडा फुंकत.

कानमंत्राला नियम एकच. कुणाला सांगायचा नाही.

"मंत्र फुटला, की स्पर्धक जन्माला येतो," गुरुजी बजावत. "बायकोलाही सांगू नका. बायको हा सर्वांत जवळचा स्पर्धक."

घरी जाऊन शिष्याने ती वस्तू मोबाइलवर शोधायची, गुरुजींनी पाठवलेल्या लिंकवरून तिचा एक खोका मागवायचा, माळ्यावर ठेवायचा आणि विश्वाच्या खुणेची वाट पाहायची. आणि खूण मिळायची हो! बातम्या उघडा, तीच वस्तू. क्रिकेटचा स्कोअर बघा, तीच वस्तू. माणचे दौलतराव, ज्यांच्या शेतात आता आयटी पार्क उगवलाय, मला गहिवरून म्हणाले, "आवं, नातीला कार्टून लावून दिलं, तर त्यात बी आलीच की! काटा आला बघा अंगावर."

"काय आली?"

"ते न्हाई सांगायचं."

आता आमच्या शेजारचा सुजित. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनवतो. कितीतरी वर्षं कंत्राटी म्हणून राबला आणि गेल्या दिवाळीत पर्मनंट झाला. मुलगा झाला तेव्हा त्याने साखर वाटली होती. पर्मनंट झाला तेव्हा पेढे. तो सुजित आता नोकरी सोडायला निघाला होता. गुरुजींच्या साधनेची शेवटची पायरी होती पूर्णाहुती. येत्या गुरुवारी कंपनीचं ओळखपत्र त्यांच्या ताटात ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा द्यायचा. गुरुवार म्हणजे गुरूचा वार, आणि आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांचा सुट्टीचा. गुरुजींनी दोन्हीची सोय पाहिली होती.

"काका, पगार म्हणजे विश्वावर दाखवलेला अविश्वास आहे," सुजित मला म्हणाला.

"आणि पीएफ?"

"तो तर शंभर टक्के नास्तिकपणा."

त्याची बायको निशिगंधा महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने समजावलं, भांडली, अबोला धरला. सुजित ढिम्म.

आणि मग आला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा हंगाम.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. निशिगंधा चार घरचं हळदीकुंकू उरकून आली आणि पिशवी टेबलावर उपडी केली. तिळगुळाच्या पुड्या पडल्या, आणि त्यांच्यामागून तारांचे कोळी. डोक्याला मसाज करायचं ते यंत्र तुम्ही पाहिलं असेल: मूठभर दांडी आणि खाली तारेचे पाय. डोक्यावर दाबलं की गुदगुल्या होतात. चार घरचं वाण, चार कोळी.

"या वर्षी काय साथ आलीय कोण जाणे," ती म्हणाली. "त्या चौघींतली वर्षाली तर म्हणाली, ताक घुसळायला वापर."

तेवढ्यात सुजित आतून आला आणि पांढराफटक पडला.

"माझा खोका कुणी फोडला?"

"कुठला खोका?"

सुजितने जीभ चावली. पण निशिगंधा तोवर स्टुलावर चढली होती. माळ्यावरचा खोका शाबूत होता. तिने तो शाबूत ठेवला नाही. आत बाराच्या बारा कोळी पाय पसरून झोपले होते.

"अहो, म्हणजे तुमचा कोनाडा हा?"

"मी काही बोललो नाही. काका, तुम्ही साक्षीला आहात, मी मंत्र सांगितला नाही."

"ज्या चार घरी मी गेले, त्या चारही घरचे नवरे तुमच्या क्लासला येतात. बायकांना माळ्यावर फुकटचं वाण सापडलं, त्यांनी लुटलं. कळतंय का काही?"

सुजितने टेबलावरचे कोळी एकेक करून मोजले. मग त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं, सुटलं पोर.

"कळलं!" तो म्हणाला. "बघ, बाजारात मागणी किती आहे! घरोघर पोचलाय माल! विश्वाने ही सर्वांत मोठी खूण दिली गं!"

निशिगंधाने एक कोळी उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर दाबून धरला.

गुरुवारी ती पिशवी घेऊन सभेला आली, सोबत मीही. व्यासपीठावर मोठं ताट होतं. शिष्य रांगेने गळ्यातली ओळखपत्रं काढून त्यात ठेवत होते. सुजितने आपलं ठेवलं तेव्हा त्याचा हात थोडा रेंगाळला. तसं गुरुजींनी मोठ्या मायेने ताटच जरा मागे ओढलं.

"सर, मी शिक्षिका आहे," निशिगंधा माइकजवळ जाऊन म्हणाली. "एक छोटा प्रयोग करू का?"

"अवश्य! विज्ञान हे विश्वाचं धाकटं भावंड आहे," गुरुजी म्हणाले.

"कुणीही आपला मंत्र सांगू नका. नियम म्हणजे नियम." तिने पिशवीतून कोळी काढून उंच धरला. "फक्त ज्याचा कोनाडा ही वस्तू नाही, त्याने हात वर करावा."

सभागृहात एकही हात वर गेला नाही. माणसं आधी कोळ्याकडे, मग शेजाऱ्याकडे बघू लागली.

"आरं तिच्या!" दौलतराव उठले. "म्हंजे समद्यांची डोस्की एकाच जागी खाजवत्यात व्हय?"

"हेच ते विश्वाचं ऐक्य!" गुरुजी ओरडले. "अनेक कान, एक मंत्र!"

तेव्हा सुजितने हात वर केला. आवाज अगदी बारीक होता. "सर, मग विकायचं कुणाला?"

गुरुजींनी डोळे मिटले. या वेळी विश्वाकडून काही आलं नाही.

"मी सांगते," निशिगंधा म्हणाली. "बोहारणीला एकदा पातेल्याचा भाव विचारा, ती दारातून हलते का? तुम्ही मोबाइलवर एकदा ही वस्तू शोधलीत, विकतही घेतलीत. मग जाहिराती मागे लागणारच. ती खूण नाही, बोहारीण आहे. आणि खोका ज्या लिंकवरून मागवला, तिची शेपटी, म्हणजे शेवटची अक्षरं, वाचा. तिथे या गुरुजींचं नाव आहे. प्रत्येक खोक्याचं कमिशन यांना मिळालं. यांनी स्वतःचा कोनाडा अगदी बरोबर शोधलाय. कोनाडा शोधणारी माणसं, हाच तो. त्यात आपण सगळे ओळीने बसलोय."

गुरुजी ऐक्यावर आणखी काही बोलणार होते, पण सुजित ताटापाशी पोचला होता.

"सर, तेवढं माझं कार्ड द्या," तो म्हणाला. "उद्या पहिली शिफ्ट आहे."

त्याच्यामागे रांग लागली. जमा करताना लागली होती त्याहून शिस्तीची.

दुसऱ्या दिवशी पहाटे चाकणची बस सुजितला घेऊन गेली. अलीकडे सुट्टीच्या दिवशी तो डोळे उघडे ठेवून बाजार बघतो. कामगारांना कुठले बूट टिकतात, कुठले चावतात, हे शिफ्ट सुटल्यावर दहा जणांना विचारतो. उद्या त्याला खरंच एखादा कोनाडा सापडेलही. सापडला तर तो विचारून सापडलेला असेल, कानात फुंकून नव्हे.

माझं म्हणणं एवढंच. कुणी तुमच्या भाग्याची गोष्ट कानात सांगून वर "बोलू नका" म्हणालं, तर आधी शेजाऱ्याला जाऊन सांगा. खरी गोष्ट दोघांत बोलल्याने मरत नाही. खोटी मात्र तेवढ्याने उघडी पडते. चमत्कार दिसला, तर नमस्काराआधी एक प्रश्न विचारा. नमस्कार कुठे पळून जात नाही.

आणि एक बारीकशी विनंती. पुढच्या संक्रांतीला आमच्या हिला हळदीकुंकवाला बोलावलंत, तर वाण म्हणून साधी चहाची गाळणी द्या. आमची फाटली आहे, आणि त्या कोळ्यातून चहा गाळता येत नाही. करून पाहिलं.