पाच सह्या आणि एक घास

तिहोमीरला पाण्याचा घोटही धड उतरेना, तेव्हा छातीतल्या कर्करोगाने त्याची अन्ननलिका आवळली आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं. कळायचं राहिलं ते फक्त जिल्हा रुग्णालयाच्या समितीला. रोग हटणार नाही, हे त्याला सांगून झालं होतं. पण आत जाळीची एक नळी बसवली, तर उरलेले महिने तरी तोंडाने खाता आलं असतं. काम अर्ध्या तासाचं. त्याआधी समितीच्या पाचही डॉक्टरांच्या सह्या हव्यात, आणि समिती बसते गुरुवारी.

पण गुरुवारी ती बसेना. हिवाळा लागला की सर्बियात 'स्लावा' या घरगुती सणांची रांग लागते. प्रत्येक घराण्याचा आपला संत, त्याच्या दिवशी घरात मेणबत्ती, पाहुण्यांची रीघ आणि कामावरून हक्काची सुट्टी. एका गुरुवारी सर्जनचे संत आडवे आले, तेही वैद्यकीचेच. पुढच्या गुरुवारी क्ष-किरणवाल्यांचे. त्यापुढच्या गुरुवारी सगळे जेवणातून सावरत होते.

"संत काय गुरुवार बघूनच मेले का हो?" तिहोमीरची बायको पेर्सिदा रुग्णालयाच्या खिडकीपाशी कडाडली.

"पुढच्या गुरुवारी या, बाई," आतून उत्तर आलं.

पेर्सिदा कसली थांबते! स्लावाला कुणी आमंत्रण देत नाही आणि दारात आलेल्याला कुणी परत धाडत नाही. तिने फाईल काखेत मारली, वाइनची बाटली घेतली आणि एकेका डॉक्टरचा संत गाठत निघाली. चार घरी चार सह्या मिळाल्या. चारही घरी जेवल्याशिवाय सुटका नव्हती. पोटाला तडस लागेस्तोवर जेवून ती घरी यायची आणि उपाशी नवऱ्यापुढे चोरासारखी उभी राहायची.

"काय होतं गं?" तो विचारायचा.

"काही नाही रे. डुक्कर वातड होतं," ती खोटंच सांगायची.

पाचवी सही अध्यक्षांची, डॉक्टर ग्वोझ्देन यांची. त्यांचा संत निकोला. तिहोमीरचाही तोच, निम्म्या देशाचाही तोच. त्या दिवशी माशाचं पातेलं शेजारणीवर टाकून पेर्सिदा अध्यक्षांच्या दारात उभी राहिली.

"रुग्ण कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरी. पाहुण्यांना वाढतोय. यजमानाने आज बसायचं नसतं ना."

"उभ्याने वाढतोय? मग ठणठणीत आहे की! न बघता सही कशी करू?"

"मग चला बघायला."

"आज? यजमानाने घर सोडायचं? बाई, काहीतरीच काय बोलता!"

पेर्सिदा तणतणत घरी आली. नवऱ्याला हाताला धरून उठवायची गरज नव्हती, तो उभाच होता.

"अगं, यजमान असा घर सोडून जातो का?"

"माझा जातो. चल."

पाहुण्यांना पत्ताही लागला नाही. मासा झकास झाला होता.

अध्यक्षांच्या दारात रीतीप्रमाणे गोड गव्हाचं भांडं पुढे आलं. पाहुण्याने आधी चमचाभर गहू खायचे, मग आत यायचं. नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. तिहोमीरने छातीवर क्रूसाची खूण केली आणि चमचा तोंडात घातला. त्याचे डोळे पांढरे झाले, मानेच्या शिरा तटतटल्या आणि दाणे लाळेसकट रुमालात परत आले. आतल्या तीस माणसांनी काटे-चमचे खाली ठेवले. पाच आठवडे डॉक्टरांच्या टेबलावर त्याचा कागद होता. माणूस आज दिसला.

"अहो, एवढं वाईट आहे हे सांगायचंत तरी!"

"सांगितलंय, डॉक्टरसाहेब. पान तीन ते सात."

माशाच्या काट्यांमध्ये जागा करून डॉक्टरांनी तिथेच सही ठोकली.

नळी बसली दोन दिवसांनी, कारण मधला दिवस रुग्णालयाला शुद्धीवर यायला लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पेर्सिदाने घरून गाळलेलं माशाचं सूप आणलं. पहिला चमचा. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, आणि सूप उतरलं. दुसरा उतरला. तिसराही. पेर्सिदा श्वास रोखून बघत होती.

"मीठ कमी आहे," तिहोमीर म्हणाला.

तीन महिन्यांत तिच्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पेर्सिदा रडत रडत वॉर्डभर मीठ मागत फिरली.