टाइलमागची चिकटपट्टी

नळवाला सोळा वर्षं बायकोच्या थोरल्या भावाचा पोटठेकेदार होता. इमारतीचा मुख्य ठेका मेहुण्याचा, आतलं पाण्याचं काम याचं. बायको दादा म्हणायची म्हणून हाही दादाच म्हणायचा. दादा त्याला भावजी म्हणायचा, साइटवर चारचौघांतसुद्धा अहोजाहो करायचा.

इतक्या वर्षांत करारनामा एकच, दर कामाला तारीख बदललेला. नळवाल्याला तो तोंडपाठ होता. आपलं काम आपण तपासून द्यायचं. बिघडलं तर आपणच निस्तरायचं. मालकाशी परस्पर बोलायचं नाही, जे काय ते मुख्य ठेकेदारामार्फत. दादाच्या बाजूने कलम एकच होतं: पोटठेकेदाराच्या कामाला हात लावायची वेळ आली, तर आधी त्याला बोलवायचं.

डोळ्यांच्या इस्पितळाचं काम संपत आलं होतं. उद्घाटनाला आठवडा उरला आणि ऑपरेशनच्या खोलीचं छत पाझरायला लागलं. आधी ताटलीएवढा डाग, मग प्लास्टरचा पोपडाच नव्या कोऱ्या टेबलावर आदळला. वरच्या मजल्यावर बरोबर तिथेच नळवाल्याची पाइपलाइन होती.

मालक डॉक्टर पांढरेफटक पडले होते. मीटिंगमध्ये देखरेखीच्या इंजिनिअरबाईंनी विचारलं, "जबाबदारी कोणाची?"

दादाने नळवाल्याकडे पाहिलंही नाही. "पाण्याचं काम पोटठेकेदाराचं. चाचणी झाल्याचं त्यांनी सही करून दिलंय. भिंत फोडून तेच दुरुस्त करतील."

यात खोटं काहीच नव्हतं. चाचणी झाली होती. पाइपात पाणी भरून, पंपाने दाब देऊन चोवीस तास ठेवलं होतं. काटा केसभरही हलला नव्हता. मग पाणी आलं कुठून?

बाहेर जिन्यात दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं, भावजी. वय झालं की नजर चुकते. मनाला लावून घेऊ नका. मी आहे ना!"

टाइल उखडण्याआधी खोलीतलं सामान हलवायचं होतं, खालची वीज तोडायची होती. त्यात तीन दिवस गेले. आपण कुठला सांधा जोडला, कुठे घाई केली, हेच नळवाला ते तीन दिवस आठवत बसायचा. चहाचा कप उचलताना हात थरथरतो का, हेही त्याने चोरून पाहिलं.

चौथ्या दिवशी त्याने स्वतः छिन्नी हातात घेतली. तिसरी टाइल निघाली आणि पाइप दिसला. सांधे सगळे खडखडीत कोरडे. पण दोन सांध्यांच्या मधोमध काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, वर भेगा बुजवायची लांबी ओबडधोबड थापलेली. त्याने पट्टी सोडवली. खाली ड्रिलने पाडलेलं गोल भोक.

भिंतीतल्या कपाटाचे ब्रॅकेट बसवताना कोणीतरी पाइप फोडला होता आणि मुकाट्याने बुजवला होता. कपाटाचं काम दादाची माणसं करत होती.

दादा आला, भोक पाहिलं, पण त्याला आश्चर्य वाटलं नाही. तिथेच नळवाल्याला सगळं कळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही दुसऱ्या कामावर होतात. म्हटलं, टाइलवाले खोळंबलेत..."

"आणि मीटिंगमध्ये?"

दादाने आवाज खाली आणला. "अहो, तुमच्यावर गेलं तर एक पाइप जातो. माझ्यावर गेलं तर पुढच्या दोन इमारती जातात. त्यात तुमचंच काम आहे ना? घरातल्या घरात एवढं सांभाळायला नको?"

"घरातल्या घरात? मग जिन्यात माझ्या वयावर कशाला गेलात?"

दादा काही बोलायच्या आत इंजिनिअरबाई दारात उभ्या राहिल्या. भिंतीकडे बघून त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

नळवाला थांबला. त्याने परस्पर बोलायचं नव्हतं. सोळा वर्षांत तो एकदाही बोलला नव्हता. दादा त्याच्याकडे शांतपणे बघत होता, खात्रीने.

"दादा, तुम्ही सांगता की मी सांगू?"

दादाने रुमालाने मान पुसली. नळवाल्याने भोकावर बोट ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

दादाला डॉक्टरांसमोर चूक लेखी कबूल करावी लागली. नळवाल्याने फुटका तुकडा कापून नवा घातला, पुन्हा चोवीस तास दाब दिला, इंजिनिअरबाईंची सही घेतली आणि हत्यारं गाडीत टाकली. पुढच्या इमारतीसाठी दादाने दुसरा नळवाला बघितला. ते सांगायलाही त्याने फोन केला नाही.

टाइल उखडली त्याच रात्री घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. भाजी निवडता निवडता तिचे हात थांबले.

"दादा परवा माझ्याशी बोलला होता," ती म्हणाली. "म्हणाला, यांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. जमेल तसं त्यांना घरी बसव."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"सख्खा भाऊ सांगत होता हो. वाटलं."

तिच्यावर ओरडावं असं त्याला फार वाटलं. पण त्या तीन दिवसांत त्याला स्वतःलाही तेच वाटलं होतं. तो उठला, मोरीत गेला आणि नखांत अडकलेली लांबी घासून घासून काढत राहिला.