स्टुलाला सुट्टी नाही

चिदानंदच्या बदलीला एकच दिवस उरला होता आणि तोही नेमका सणाचा निघाला.

तीर्थहळ्ळीजवळच्या टेकडीवरचा मोबाइलचा टॉवर वर्षभर एक मिनिटही बंद पडला नाही, तर त्याला दावणगेरेला, बायकोजवळ, बदली मिळणार होती. साहेबांनी तसा शब्दच दिला होता. तीनशे चौसष्ट दिवस सुखरूप गेले होते. रूपाला आठवा महिना लागला होता आणि ती रोज फोनवर पहिलं एकच विचारायची, "टॉवर कसा आहे?" पोटातल्या बाळाचीसुद्धा त्या घरात एवढी चौकशी होत नव्हती.

उरलेला दिवस आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा. साडेदहाला चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन चिदानंद धापा टाकत टेकडीवर पोचला, तर यंत्रांच्या खोलीतून 'टी टी टी' असा आवाज येत होता. दारात एका लोखंडी खोक्यावर पुट्टप्पा बसला होता. बहात्तर वर्षांचा राखणदार, नुकतीच पूजा उरकल्यामुळे प्रसन्न.

आत चार रेक्टिफायर ओळीनं होते. तारेतली वीज टॉवरला पचेल अशी करून द्यायची आणि बॅटऱ्या भरलेल्या ठेवायच्या, हे त्यांचं काम. प्रत्येकाच्या कपाळी कुंकू, गळ्यात झेंडू. आणि चौघांचीही बटणं खाली.

"अज्जा, हे बंद का?"

"आज आयुधं वापरायची नसतात. वर्षभर राबतात बिचारे. झोपू दे."

"मग टॉवर कशावर चाललाय?"

"बॅटऱ्यांवर. त्या वर्षभर भरल्या पोटी बसून असतात. आज त्यांची पाळी."

हे खोडून काढणं अवघड होतं. कंपनीच्या प्रशिक्षणातही जवळपास असंच शिकवलं होतं.

रेक्टिफायरच्या वर तळहाताएवढ्या पडद्याचा कंट्रोलर होता. कोणी किती राबायचं, बॅटऱ्यांना किती वाढायचं, हे तो ठरवायचा आणि काही बिनसलं की थेट शिवमोग्ग्याच्या ऑफिसात चुगली करायचा. पुट्टप्पा त्याला मुकादम म्हणायचा.

"सहा वाजल्यापासून ओरडतोय," पुट्टप्पा म्हणाला. "हार घातला, कापूर ओवाळला, गप बसत नाही. सगळ्यांत एकट्या मुकादमालाच सुट्टी सोसत नाही."

चिदानंदनं पडद्यावरच्या कुंकवातून वाकून पाहिलं. ४४.६ व्होल्ट. ४३.२ झाले की बॅटऱ्या मरू नयेत म्हणून मुकादम स्वतःच टॉवरची वीज तोडणार. म्हणजे फार तर अर्धा तास. त्यानं बटणाकडे हात नेला.

पुट्टप्पा खाकरला. "उद्या विसर्जन झाल्याशिवाय हात लावायचा नाही."

"अज्जा, माझी बदली जाईल!"

"पलीकडच्या टॉवरच्या गंगाधरनं मागच्या वर्षी लावला होता हात. त्याच संध्याकाळी सासू आली. अजून आहे."

चिदानंदनं हात मागे घेतला.

"तुझी मोटारसायकल कुठाय रे तम्मा?" धाकट्या भावाला विचारावं तसं पुट्टप्पानं विचारलं.

"घरी."

"घरी काय करतेय?"

"पूजेत आहे."

"आणि तू?"

"चालत आलो. सहा किलोमीटर."

मुकादम म्हणाला, टी टी टी.

चिदानंदनं दुसरी बाजू धरली. "अज्जा, बॅटऱ्या पण आयुधंच ना? सणाच्या दिवशी त्यांना राबवतोस, पाप नाही लागत?"

पुट्टप्पाचा चेहरा पडला. "अरे देवा. मग त्यांनाही बंद कर."

चिदानंद स्वतःच्या हुशारीला शिव्या देत बसला. ४४.१. शेवटी त्यानं देवळाच्या भट्टांना फोन लावला. टॉवर चालू असल्यानं फोन लागला, हे त्यातल्या त्यात बरं. मागे घंटा वाजत होती.

"ज्याला गंध लागलं ते निजलं," भट्ट म्हणाले. "ज्याला नाही लागलं ते मोकळं. ठेवतो, माझा मंत्र अर्धा राहिलाय."

मोकळं कोण? दोघं शोधायला लागले. पक्कड, कुंकू. शिडी, कुंकू. झाडू, कुंकू आणि फूल. आग विझवायचा सिलिंडर, कुंकू. राखणीच्या कुत्र्याच्याही कपाळावर टिळा, आणि तो खरोखरच निजला होता.

मग चिदानंदची नजर दारातल्या लोखंडी खोक्यावर गेली.

तो पाचवा रेक्टिफायर होता. पंखा खोकतो म्हणून मार्चमध्ये काढलेला, अडीअडचणीला ठेवलेला.

"अज्जा, याला गंध नाही लावलंस?"

"त्याला? तो स्टूल आहे."

"स्टुलाला सुट्टी असते?"

पुट्टप्पानं बराच विचार केला. "स्टुलाला कशाची सुट्टी?"

४३.५. चिदानंदनं खोकं पुसलं आणि पाचव्या रिकाम्या खणात सरकवलं. त्या खणाचं बटण वेगळं होतं आणि रिकामं म्हणून कुंकवातून सुटलं होतं. ते त्यानं वर केलं. आत पंखा सभेत अध्यक्ष खाकरतात तसा खाकरला आणि गप्प झाला. ४३.४. मुकादम नव्या गड्याला निरखत असावा. ४३.३. चिदानंदला दावणगेरेचा लोणी डोसा डोळ्यांसमोर वितळताना दिसला.

हिरवा दिवा लागला.

४३.८. ४४.५. मुकादमानं आधी टॉवरला वाढलं, मग उरलंसुरलं बॅटऱ्यांना. ओरडणं मात्र थांबवलं नाही, कारण चौघं अजून झोपलेलेच होते. चिदानंद मटकन जमिनीवर बसला आणि चुरमुरे खायला लागला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. मुकादमानं एकूण सत्तावीस तक्रारी धाडल्या होत्या. पण शिवमोग्ग्याचा संगणकही कुंकू लावून निजवलेला होता, म्हणून त्या आत्ता वाचल्या गेल्या.

"काल चारही रेक्टिफायर बंद आणि टॉवर चालू? कशावर?"

"स्टुलावर, साहेब."

नोकरीत काही प्रश्न पुढे विचारायचे नसतात, हे साहेब निवृत्तीच्या जवळ आल्यामुळे शिकले होते.

"बंद एक मिनिटही नाही ना?"

"नाही."

"मग जा बाबा दावणगेरेला."

चिदानंद पेढे घेऊन निरोपाला टेकडीवर गेला. चौघं ताजेतवाने होऊन घुमत होते, मुकादम गप्प होता. पाचवा दाराशी होता, कपाळी कुंकू, गळ्यात दुप्पट जाडीचा हार.

"सणाला राबला ना काल," पुट्टप्पा म्हणाला. "आज त्याची सुट्टी."

म्हातारा भिंतीला टेकून उभा होता.

"अज्जा, बस की."

"कशावर?"

"त्याच्यावरच. रोजच्यासारखा."

"आयुधावर?" गंगाधरची सासू फाटकातून आत येत असावी, अशा आवाजात पुट्टप्पा म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. रूपा. तिला अजून बातमी कळली नव्हती.

"टॉवर कसा आहे?"

"उत्तम," चिदानंद म्हणाला. "मी येतोय. फक्त निघायच्या आधी अज्जाला एक खुर्ची घेऊन द्यायचीय."