हरणीच्या लेकीचं घर

“आत्या, पाणी घे की. का आता किकवीचं पाणी कडू झालं?”

धनाजी हसत म्हणाला, पण हसू ओठांच्या आत गेलं नाही. त्याच्या धाब्यामागच्या पडवीत पारूबाई खाटेच्या कडेवर टेकली होती. समोर पाण्यानं भरलेला तांब्या, त्यावर पालथा पेला. हायवेवरून ट्रक गेला की पेला थरथरायचा. पारूबाई त्याच्याकडे बघत होती आणि मांडीवरचा हात उचलत नव्हती.

त्या तांब्याचा अर्थ पडवीतल्या प्रत्येकाला ठाऊक होता. पासलीच्या वर, धनगरवाड्यावर, पारूबाई कुत्री राखते. पिल्लू मागायला आलेल्याला तिचं ठरलेलं उत्तर असतं, “आदी घर बगीन.” आणि ती खरंच जाते. सावली कुठं आहे, दावं केवढं आहे, घरातली पोरं कुत्र्याला भाकरी टाकतात की धोंडा, सगळं बघते. पटलं तर त्या घरचं पाणी पिते. पाणी प्यायली की पिल्लू दिलं. नाही प्यायली तर चप्पल घालते आणि उठते. मग आमदार आडवा पडला तरी पिल्लू मिळत नाही.

लोक टिंगल करायचे. पोरगी देतानासुद्धा एवढं बघत नाहीत, म्हणायचे. आपण काय बोलून गेलो ते एकालाही ऐकू येत नव्हतं. पारूबाईला तिच्या बापानं जत्रेत, पारावर बसल्या बसल्या देऊन टाकलं होतं. छपराखाली कोरडी जागा आहे का, नवरा पितो का, हे बघायला कुणी डोंगर चढला नव्हता. छप्पर गळत होतं आणि नवरा पीत होता. त्याबद्दल तिनं कधी कुणापुढं गाऱ्हाणं गायलं नाही. तिच्या हातून मात्र एकही जीव न बघितलेल्या घरात गेला नाही.

तिची कुत्री अस्सल धनगरी. काळं अंग, छातीवर पांढरा ठिपका, उंच पाय. उगाच भुंकणं त्यांच्या रक्तात नाही. सासूनं मरताना दोन गोष्टी हवाली केल्या, एक घोंगडं आणि एक कुत्री. त्या कुत्रीची नात हरणी. हरणी माजावर आली की पारूबाई तिला कोंडून, राखण करून ठेवायची आणि डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यातल्या गेनबाच्या कुत्र्याकडे चालवत न्यायची. मध्ये रिकामी वर्षं जाऊ द्यायची. पिल्लांना आईनं स्वतः झिडकारल्याशिवाय अंगावरून तोडायची नाही, आणि वेल्ह्याच्या जनावरांच्या डॉक्टरची सुई टोचल्याशिवाय दाराबाहेर जाऊ द्यायची नाही. देताना बजावायची, “नगंसं झालं तर माज्या दारात आणून सोड. रस्त्यावर सोडलंस तर तुज्या दारात बसून शिव्या दीन.”

हरणीचं आता वय झालं होतं. हे तिचं शेवटचं बाळंतपण, आणि त्यातली एकच पाठ, म्हणजे मादी पिल्लू, जगली होती. संपतनं, पारूबाईच्या लेकानं, शेरडं विकायला काढली होती. आईचे गुडघे डोंगर चढत नव्हते आणि त्याला खाली वेल्ह्यात काम मिळालं होतं. शेरडांशिवाय असलं कुत्रं पाळणं म्हणजे पैलवानाला पानटपरीवर बसवणं. पिल्लू द्यायलाच हवं होतं. आणि ते चुकीच्या दारात गेलं की सासूपासून राखलेलं सगळं तिथंच संपणार होतं.

धनाजी म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा, हैबतीचा मुलगा. माहेरचा. त्यानं पिल्लासाठी फोनवर फोन केले होते. म्हणून आज संपतच्या मोटारसायकलवर बसून ती एवढ्या लांब आली होती. पाणी पिऊनच जायचं, असं मनाशी धरून आली होती, हे खोटं कशाला बोला.

पण हात धुवायला म्हणून ती धाब्याच्या मागं गेली. तिथं पत्र्याच्या आडोशाला एक जाळी होती. जाळीत परदेशी जातीची एक केसाळ कुत्री पडली होती. सड ओघळून जमिनीला लागलेले, अंगावर जागोजाग चट्टे. पिल्लं जवळ नव्हती. पारूबाईला बघून तिनं शेपूट हलवली, तेवढीच हलली.

पारूबाई परत येऊन बसली ती अशी, पाण्याकडे हात न नेता.

“पिल्ली कुटं गेली तिची?” आता तिनं विचारलं.

“गेली की. मागणी लई हाय, आत्या. धरणाकडंला सगळी फार्महाऊसं झाल्यात. आता तर त्यांना गावरान अस्सल पायजे. तुज्या हरणीच्या पिल्लाचा फोटू टाकला व्हता म्या, मोबाईल थांबंना. वर्साला दोनदा व्याली तर...”

“हरणी सगळ्या जल्मात तीनदा व्याली.”

“म्हनून तर डोंगरावर ऱ्हायलीस!” धनाजी मांडीवर थाप मारून हसला. त्याची बायको शेफाली पदर तोंडाला लावून आत वळली.

पारूबाईनं भावाकडे बघितलं. हैबती खांबाला टेकून बसला होता. लहानपणी याच भावानं लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन नदी ओलांडली होती. आता तो बोटानं जमीन उकरत होता.

“हैबती, जाळीतली ती रोज दिसती का रं तुला?”

हैबतीनं वर बघितलं नाही. “पोराचा धंदा हाय, आक्का. माजं कोन ऐकतंय?”

“तू बोललास का पर?”

उकरलेली माती तो तळव्यानं सारखी करू लागला. पारूबाई उठली. चप्पल शोधताना गुडघ्यात कळ आली, पण भिंतीला हात लावला नाही.

“आत्या, आज उठलीस तर बग,” धनाजीचा आवाज बदलला. “म्हायेर तुटलं समज.”

“तुटू दे. त्या जाळीत माजी पोरगी जायाची न्हाई.”

तांब्या होता तसाच भरलेला राहिला.

मोटारसायकल कापूरहोळवरून भोरकडे वळली तेव्हा संपतनं मान मागं केली. “आये, थोडं घोटभर घेतलं असतंस. पिल्लू नंतर नसतं दिलं.”

“लबाडीनं पानी प्यायचं? मंग मागच्या समद्या घरांचं पानी बाटलं की रं.”

उत्रोलीच्या सुलक्षणानं पिल्लू मागितल्याला वर्ष उलटत आलं होतं. पासलीच्या जत्रेला आली असताना हरणी आपण होऊन तिच्या पायाशी जाऊन बसली होती, एवढीच ओळख. नवरा गेलेला, आठ-दहा शेरडं, एक शाळकरी मुलगी प्रांजल. मागच्या उन्हाळ्यात बिबट्यानं गोठ्यातून दोन करडं उचलली होती. घर गावाच्या टोकाला, बौद्धवस्तीत, समोर भाताची खाचरं. मोटारसायकल त्याच दारात थांबली.

उंबऱ्यात एक म्हातारं कुत्रं आडवं पडलं होतं. डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला, दात गेलेले. पारूबाई बाहेर थबकली. सुलक्षणा आतून पाटी घेऊन बाहेर आली, पाय उंच उचलून त्याला ओलांडून गेली. मागून प्रांजल आली, तीही तशीच ओलांडून गेली. दोघींच्या पावलांना तो उंबरा कुत्र्यासकट पाठ होता.

“हुसकावत न्हाई व्हय त्याला?” पारूबाईनं विचारलं.

सुलक्षणा दचकली. मग म्हणाली, “आता कुठं जाईल ते, मावशी? धावायचं तेव्हा लई धावलं आमच्यासाठी.”

“आनि आता बसवून खायाला घालताय.”

“भुंग्याला भाकरी दुधात कुस्करून लागते,” प्रांजल मध्येच बोलली. “कोरडी दिली तर रुसतो!”

पारूबाईनं गोठा बघितला, सावली बघितली, दावं बघितलं. दावं खुंटीला होतं आणि त्याच्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. ती येऊन ओट्यावर बसली. चप्पल काढून बाजूला ठेवली. सुलक्षणा पदराचं टोक पिळत उभी होती. पाण्याचं विचारायला तिची जीभ उचलत नव्हती. वाड्यावरून आलेली ही म्हातारी आपल्या घरचं पाणी पिईल का, हा प्रश्न तिच्या आज्यानं, पणज्यानं तिच्या घशात ठेवून दिला होता. असले प्रश्न संपले म्हणून भाषणं ठोकणाऱ्यांना कुणीतरी त्या ओट्यासमोर उभं करायला हवं होतं.

“आगं, पानी दे की,” पारूबाई म्हणाली. “घसा वाळला माजा.”

तांब्या आला. पारूबाईनं तो वर धरला आणि घटाघटा, गळ्यावरून ओघळ वाहेस्तोवर, तळ दिसेपर्यंत प्यायली.

संध्याकाळी धनाजीचा फोन आला. संपतनं स्पीकरवर टाकला.

“आमचं टाकून त्यांच्यात पानी पिऊन आलीस म्हनं? आत्या, आपली जात काय, त्यांची काय?”

“जात कुत्र्याची बगायची आसती, धना,” पारूबाई म्हणाली. “मानसाचं घर बगायचं आसतं. तुजं बगितलं.”

पलीकडून फोन कट झाला.

हरणीनं पिल्लाला झिडकारलं, सुई टोचून झाली, आणि सुलक्षणा न्यायला आली. पारूबाईनं सासूच्या घोंगड्याचा एक कोपरा कात्रीनं कापला, हरणीच्या अंगावरून फिरवला आणि पिल्लाभोवती गुंडाळला. “पयल्या राती रडंल. ह्यो वास जवळ आसू दे.” हरणी वाटेच्या वळणापर्यंत गेली, थांबली, आणि मागं फिरून पारूबाईच्या पायाशी बसली. भुंकली नाही.

पावसाळा सरला, दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी पारूबाईनं ताट केलं. पितळी तांब्या राखेनं घासून लखलखीत केला. हैबती दर वर्षी वेल्ह्यापर्यंत एसटीनं आणि पुढं चालत यायचा, आणि आल्या आल्या तोच तांब्या मागायचा. निरांजनातली वात दोनदा विझली, दोनदा लावली.

“फोन करू का मामाला?” संपतनं विचारलं.

“नगं. वाट त्याला ठावं हाय.”

ऊन कलल्यावर हरणीचे कान उभे राहिले. वळणावरून सुलक्षणा येत होती. पुढं प्रांजल, आणि तिच्याही पुढं, दावं नाही काही नाही, एक काळी पाठ. उंच पाय, छातीवर पांढरा ठिपका. अंगणाच्या कडेला येऊन ती थांबली. हरणी गुरगुरली, मग पुढं होऊन तिनं तिला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं आणि बाजूला सरकून आपल्या सावलीत जागा करून दिली.

“दाखवायला आणली, मावशी,” सुलक्षणा म्हणाली. “परवा रात्री वाघरू आलं होतं. हिनं गोठ्याला फिरकू दिलं नाही.”

पारूबाईनं पिल्लाचे दात बघितले, पंजे बघितले, कानांमागं बोट घालून गोचीड बघितली. एकही नव्हती. तिची मान ताठ झाली. “संपत, बगितलीस? हरणीची हाय!” ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पलीकडच्या घरातली माणसं बाहेर आली.

सुलक्षणा अंगणातच उभी होती. चढण चढून ओठ सुकलेले, तरी काही मागत नव्हती.

पारूबाई आत गेली. ताटाशेजारचा घासलेला पितळी तांब्या तिनं उचलला, वाटेच्या वळणाकडे एकदा बघितलं, आणि बाहेर येऊन तो सुलक्षणाच्या हातात दिला.