काकाने मागून नेलेला डावा बूट

मी एक जुना बूट आहे, वजन उचलणाऱ्यांचा, आणि तोही डावा. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा. माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

माझी टाच लाकडी, कणखर. पाच वर्षं मी रोतियाच्या पायात होतो. पॅसिफिकमधल्या आमच्या किरिबाटी बेटांचा भारोत्तोलनाचा संघ म्हणजे ती, तिचा प्रशिक्षक आणि एक गंजका दांडा. पॅसिफिकच्या स्पर्धेत आमच्या गावातल्या कुणी कधी पदक जिंकलं नव्हतं. ती जिंकणार होती, माझ्यावर उभी राहून.

दहा दिवस उरले असताना तिचा काका इओतेबा दारात आला.

"रोतिया, प्रवाळावर पाय कापतात गं. ते बूट मला दे. बुबुती."

आमच्याकडे नातलगाने हा शब्द उच्चारला की मागितलेली वस्तू द्यावीच लागते. नाही म्हणणाऱ्याची गावभर छी थू होते.

"काका, स्पर्धा झाल्यावर न्या की."

"म्हणजे नाही म्हणतेस? सभाघरात सांगू?"

तिने आम्हा दोघांना काढून दिलं. त्या माणसाने दहा दिवस मला खाऱ्या पाण्यात शिंपल्यांमागे फिरवलं. माझी टाच फुगली, तिचा गोंद सुटला. निघायच्या सकाळी रोतियाने त्याच शब्दाने आम्हाला परत मागितलं आणि त्याने ओले बूट तिच्यापुढे टाकले.

स्पर्धेत एका मोठ्या देशाची खेळाडू माझ्याकडे बघून फिदीफिदी हसली. "हे काय, समुद्रातून वाहत आलेत का?"

रोतियाने माझे बंद आवळले. शेवटच्या प्रयत्नात दांडा तिच्या डोक्यावर गेला आणि माझी टाच निखळली. ती डावीकडे कलली, दांडा धाडकन खाली पडला. चौथा क्रमांक. तिला मी पाडलं, मित्रांनो. ते मला सहन होत नाही.

घरी आलो तर काका हजर. "चौथी म्हणजे काही वाईट नाही हं!"

"काका, तुमची होडी मला द्या. बुबुती."

"अगं, मग मी मासे कशाने धरू?"

"म्हणजे नाही म्हणता? सभाघरात सांगू?"

त्याने होडीचा दोर तिच्या हातात दिला. मला तसूभरही कीव आली नाही.

आता मी त्याच होडीत पडलेला असतो. आत आलेलं पाणी रोतिया मलाच वाटीसारखं धरून उपसते. काका किनाऱ्यावर अनवाणी शिंपले वेचतो. तो शब्द वापरून होडी परत मागता येईल त्याला, पण तोंड कुठे आहे?

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू मागायच्या आधी तिच्यावर कोण उभं आहे, तेवढं बघा.